कोरड्या दरीची हवाई पाहणी

आमच्या महाडात हेलिकॉप्टर दोनच कारणांनी येतं. एक, गडावर कुणी मोठं माणूस येणार असेल तर. आणि दुसरं, आम्ही बुडालो असलो तर. पहिल्या वेळी ते खाली उतरतं. दुसऱ्या वेळी नुसतं वरून फिरतं, त्याला हवाई पाहणी म्हणतात. याखेरीज तिसरं कारण असू शकतं, म्हणजे चांगली धडधाकट माणसं पदरचे पैसे घालून, निव्वळ मजा म्हणून हेलिकॉप्टरात बसतात आणि एका खड्ड्याकडे बघून परत येतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेही अमेरिकेत जाऊन.

मुलगा आणि सूनबाई तिकडे ॲरिझोनात, वाळवंटातल्या एका मोठ्या शहरात राहतात. गेल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. निघताना सगळी आळी निरोपाला जमली आणि अमेरिकेत थंडी फार म्हणून प्रत्येकाने स्वेटर न्यायला बजावलं. बजावणाऱ्यांतलं कुणी पनवेलच्या पलीकडे फारसं गेलेलं नव्हतं, पण सल्ला द्यायला पासपोर्ट लागत नाही. आम्ही बॅगा भरभरून स्वेटर नेले. तिथे भट्टी पेटलेली. दारात उभं राहिलं तर तव्यावरच्या भाकरीसारखं शेकायला होई. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. बायको काचेच्या खिडकीशी बसून म्हणायची, "हे काय गाव हाय का काय? कुत्रं पन फिरत नाय."

तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक प्रकार घडला. बायको स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी पेपर नसल्यामुळे नुसताच चहा पीत होतो. तेवढ्यात घरावरून हेलिकॉप्टर गेलं. तिकडे पोलिसांचं, दवाखान्याचं, रस्त्यावरची गर्दी दाखवणाऱ्या टीव्हीवाल्यांचं, अशी हेलिकॉप्टरं आमच्या मिनिडोर रिक्षांसारखी दिवसभर ये-जा करतात. पण बायकोने आवाज ऐकला मात्र, हातातली सुरी टाकली, खुर्चीवर वाळत घातलेला टॉवेल उचलला, मागच्या अंगणात धावली आणि दोन्ही हातांनी तो टॉवेल आभाळाकडे हलवायला लागली. हेलिकॉप्टर आपल्या वाटेने निघून गेलं. शेजारच्या गोऱ्या बाईने कुंपणावरून डोकं काढून विचारलं, सगळं ठीक आहे ना. सूनबाईने हसून काहीतरी सांगितलं आणि वेळ मारून नेली. बायको आत आली ती खाली मान घालून. "सवय हो," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कांदा हातात घेतला.

आमच्या आळीत हेलिकॉप्टरचा आवाज आला की अजूनही निम्मी आळी गच्चीवर पळते, हे त्या गोऱ्या बाईला कसं सांगणार? आळीत याला कुणी हसत नाही.

महाड सावित्रीच्या काठी आहे. वर महाबळेश्वराला ढग मोकळे झाले की खाली आमच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. त्यात नवल काही नाही. नळाला पाणी येत नसेल एक वेळ, पण दाराशी येतं. खालचं सामान माळ्यावर, गाड्या उंचावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण एका वर्षी पाणी थांबेचना. खालचा मजला गेला, जिना गेला, आणि आम्ही दोघं गच्चीवर आलो. आमच्याबरोबर शेजारच्या काकू होत्या. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, मुलगा मुंबईला. त्यांना जुना दमा होता, वर ताप चढलेला, आणि औषधांचा डबा खाली राहिलेला. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ताडपत्री बांधून आम्ही त्यांना निजवलं. त्यांचा श्वास पावसाच्या आवाजातूनही ऐकू यायचा. तो ऐकत बसण्याखेरीज आम्हाला काही करता येत नव्हतं, आणि त्या असहायपणाची आठवण मला अजून नकोशी होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, आभाळ स्वच्छ झालं आणि हेलिकॉप्टर आलं. बायकोने अंथरुणावरची चादर ओढली, कठड्यावर चढली आणि दोन्ही हातांनी हलवू लागली. हेलिकॉप्टर आळीवर आलं. आमच्या डोक्यावर त्याने एक वळसा घेतला. मग नदीकडे गेलं, परत आलं, पुन्हा एक वळसा घेतला आणि बिरवाडीच्या दिशेने जे गेलं ते गेलंच. बायको तरी हात खाली घेईना. शेवटी मी तिला कठड्यावरून उतरवलं.

संध्याकाळच्या आत आळीतलीच पोरं ट्रकच्या ट्यूबवर फळ्या बांधून आली आणि काकूंना घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात काकू दवाखान्यात वारल्या. त्या पुरात गेल्या असं मात्र म्हणता येत नाही. पुरात जायचं तर पाण्यात जावं लागतं. कोरड्या खाटेवर, गादीवर, सलाइन लावून गेलेलं माणूस पुराच्या हिशेबात धरत नाहीत. आमच्या गच्चीवरून फिरून गेले ते मोठे साहेब होते आणि त्यांनी हवाई पाहणी करून तीव्र दुःख व्यक्त केलं, हे आम्हाला पाणी ओसरल्यावर पेपरात वाचायला मिळालं.

इथपर्यंत सगळं रीतसर झालं. पुढे आळीची तोंडं सुटली. काकू गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं, आणि दुःख झालं की आमच्याकडे आधी चूक कुणाची ते ठरवतात. साहेबांची म्हणायची तर साहेब लांब. बायको जवळ होती. "वहिनी, चादर पिवळट होती तुमची. गढूळ पाण्यात पिवळट चादर दिसणार कशी? लाल पायजे होती." दुसरा म्हणे, उभं राहायची जागा चुकली, टाकीवर चढायला हवं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, नुसतं हलवत राहिलं की वरच्यांना वाटतं, लोक स्वागत करताहेत. प्रत्येक जण प्रेमाने बोलत होता. बायको प्रत्येकाचं ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि मग भांडी जरा जोरात घासायची.

तिचं म्हणणं एकच होतं, "त्यांना दिसलो व्हतो आपन."

आणि माझं म्हणणं, "नव्हतो दिसलो."

माझ्या म्हणण्याला अधिकार होता. मी उभी नोकरी सरकारी कचेरीत कारकून म्हणून काढली आणि तीत हेलिपॅड हा माझा खास विषय. साहेब येणार म्हटलं की मैदान साफ करायचं, चुन्याने गोल काढून मधे इंग्रजी एच काढायचा, शेळ्या हाकलायच्या, वारा कळावा म्हणून धूर करायचा, आणि धुरळा उडून साहेबांच्या कपड्यांवर बसू नये म्हणून टँकरने पाणी मारायचं. हे पाणी मारणं फार महत्त्वाचं. इतकं की त्या पुराच्या वेळी साहेब जिथे उतरले तिथे, सकाळपर्यंत धो धो कोसळून चिखल झालेल्या मैदानावरही, टँकर येऊन रीतसर पाणी मारून गेला. मी गच्चीवर अडकलो होतो म्हणून ते काम दुसऱ्याने केलं, पण केलं. आंधळं दळतं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, दळण थांबलं नाही हे महत्त्वाचं.

तर इतकी हेलिकॉप्टरं मी उतरवली. आत मात्र कधी बसलो नाही. तरीही मी ठणकावून सांगायचो, "एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही. मुंगीएवढा दिसला तर दिसला."

बायकोचं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका डोंगरातलं. ती म्हणायची, "आमच्या वरच्या वाडीतनं खाली खाचरात कोन लावनी करतंय, ते मी चालीवरनं सांगायची. मुंगी म्हनं!"

"डोंगर जाग्यावर असतो. हेलिकॉप्टर पळत असतं."

"पळत व्हतं, मग दोनदा कसं फिरलं?"

मग मी तांत्रिक बाबी काढायचो. काचेवर प्रकाश चमकतो, खाली पाणी चकाकतं, असं काहीबाही. खरं सांगायचं तर त्या साहेबांना आम्ही दिसलो नव्हतो असंच मला हवं होतं. ज्यांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून मी जन्मभर मैदानं भिजवली, त्यांनी आम्हाला बघितलं आणि ते गेले, हे मान्य करायचं तर माझ्या नोकरीचं काय करायचं? आपला तो बाब्या, म्हणतात तसं. वाद काही मिटला नाही. जेवताना, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही तो निघायचा. पाहुण्यांना वाटायचं, नवरा-बायकोत जमिनीचं काही आहे.

एवढी हकिकत सांगितल्याशिवाय अमेरिकेतली पुढची गोष्ट कळायची नाही.

मुलाने एका रात्री जेवताना जाहीर केलं, "आईबाबा, तुम्हाला सरप्राइज आहे. येत्या शनिवारी ग्रँड कॅन्यन. हेलिकॉप्टरने दरीवरून फिरायचं."

मला वाटलं, आता बायको नाही म्हणणार. ही बाई जत्रेतल्या पाळण्यात कधी बसली नाही. विमानात चौदा-पंधरा तास माझा हात सोडला नाही. पण तिने घास खाली ठेवला आणि विचारलं, "किती उंचावरनं नेतात रे?"

मुलगा म्हणाला, "ती कंपनी बरीच खाली नेते, आई. दरीत उतरवतात थोडं."

"आपल्या आळीवरनं गेलतं, तेवढं?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. पुराच्या वेळी तो महाडात नव्हता, पण फोनवर हा खटला त्याने दोन्ही बाजूंनी पुष्कळ ऐकला होता. "साधारण तेवढंच," तो म्हणाला.

"जाऊया," बायको म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. मला कळलं की ही दरी बघायला येत नाहीये. ही माझ्या विरुद्ध पुरावा गोळा करायला येतेय. मी दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

शनिवारी भल्या पहाटे निघून दुपारच्या आत तिथे पोचलो. वाटेत कुठे झाड नाही, विहीर नाही, चहाची टपरी नाही. लांबच लांब तांबडी माती आणि काटेरी झुडपं. एवढी जमीन रिकामी पाहून आमच्या एका गुंठ्यासाठी कोर्टात बसलेल्या नातेवाइकांची मला फार आठवण झाली.

हेलिकॉप्टरवाल्यांच्या कचेरीत पहिलं काम म्हणजे आमचं वजन झालं. काउंटरसमोर जमिनीतच काटा बसवलेला. उभं राहायचं, आकडा आत त्या बाईला दिसतो, आपल्याला नाही. एवढी सभ्यता मी कुठल्याच कचेरीत पाहिली नाही. वजन बघून कुणी कुठे बसायचं ते ठरवतात, नाहीतर हेलिकॉप्टर एका अंगाला कलतं म्हणे. आमच्याकडे कोण कुठे बसणार यावरून आमदार-खासदारांत रुसवे होतात, जिल्हाधिकाऱ्यांना घाम फुटतो, आणि इथे तो प्रश्न रद्दीच्या दुकानासारखा मिटवून टाकलेला. बायकोला पुढे, वैमानिकाशेजारी, खिडकीकडेची जागा मिळाली. तिथे पायाखालीसुद्धा काच होती. मला मागे, मधे. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला एक अवाढव्य पाहुणा, त्याच्या मांडीचा निम्मा भाग माझ्या जागेत. सूनबाईला उंचीचं भय, ती खालीच थांबली.

मग कमरेला एकेक छोटी पिशवी बांधली. बायकोने विचारलं, हे काय. मुलगा म्हणाला, "लाइफ जॅकेट आहे, आई. दरीत नदी आहे ना. चुकून पाण्यात पडलो तर फुगवायचं."

बायकोने चहूकडे बघितलं. नजर जाईल तिथवर वाळवंट. पाण्याचा टिपूस नाही. "हितं?" ती म्हणाली. "हितं बुडू नये म्हनून देतात? आनि आमाला?" ती पिशवी तिने हातात घेऊन उलटसुलट नीट बघितली. आमच्याकडे पूर ओसरल्यावर वाटलेल्या साहित्यात चटया आणि बिस्किटांचे पुडे होते. वरातीमागून घोडं, तेही बिस्किटाचं.

वैमानिक म्हणून एक तरुण पोरगी आली. केसांची शेंडी वर बांधलेली, काळा चष्मा, तोंडात च्युइंगम. मी मुलाला हळूच विचारलं, मोठे कुणी नाहीत का. बायको मात्र तिच्याकडे बघतच राहिली. "पोरगी हाय गो!" म्हणाली आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. पोरीला काय झालं ते कळलं नाही, पण आवडलं असावं. ती पुढे सगळा वेळ बायकोशीच बोलत होती, इंग्रजीत, आणि बायको मराठीत उत्तरं देत होती. प्रत्येकाच्या कानावर मोठे हेडफोन आणि तोंडापुढे माइक, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

उडालो. मी मनातल्या मनात खालचं मैदान तपासलं. पाणी मारलेलं नव्हतं, धुरळा उडाला, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

आता दरीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, नाहीतर मुलाचा खर्च वाया गेला असं होईल. दरी मोठी आहे. त्याबद्दल वाद नाही. आधी पठार सपाट दिसत होतं, आणि मग ते एकदम संपलं. खाली तांबडे, पिवळे, राखी असे खडकाचे थर एकावर एक, चवड लावल्यासारखे, आणि पार तळाशी हिरवट नदी. शेजारचा अवाढव्य पाहुणा "ओ माय गॉड" म्हणाला. मीही म्हणून घेतलं. छाती दडपून जावी असंच ते दृश्य होतं आणि माझी गेलीही. पण माझं लक्ष निम्मं तिकडे आणि निम्मं बायकोच्या मानेकडे. तिने खडकांकडे ढुंकून बघितलं नाही. नाक काचेला लावून ती खाली तळाशी काहीतरी शोधत होती.

हेलिकॉप्टर दोन कड्यांच्या मधून खाली उतरायला लागलं. नदी जवळ आली. आणि बायकोचा आवाज सगळ्यांच्या कानात आला.

"ती बघा मानसं."

मी मान लांब केली. नदीकाठच्या वाळूवर दोन रबरी होड्या ओढून ठेवलेल्या आणि बाजूला माणसं.

"तो बघा, बाटलीनं पानी पितोय. ती बाई दगडावर बसलेय, टोपी हाय. त्या बाजूला निळं काय तरी वाळत घातलंय. टॉवेल हाय." मग ती मागे वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मुंगी कुठली यातली?"

मी चष्मा पुसला. टॉवेल होता. त्यावर पट्टे होते तेही दिसत होते.

तेवढ्यात खालचा एक जण उभा राहिला आणि त्याने आमच्याकडे बघून हात हलवला. वैमानिक पोरीने लगेच काचेतून हात हलवला आणि हेलिकॉप्टर जरासं या अंगावर, त्या अंगावर झुलवलं. खालची सगळी माणसं हात हलवायला लागली.

"तिला इचार," बायको मुलाला म्हणाली. "तिला इचार, वरनं मानसं नेहमी अशी दिसतात का."

मुलाने विचारलं. पोरगी हसली. मुलाने तिचं बोलणं मराठीत सांगितलं, "दिसतात म्हणते. खाली बघणं हे अर्धं कामच आहे म्हणते. एक हात हलला की माणसं मजेत आहेत, मग आम्ही पण हात हलवतो. दोन्ही हात वर करून हलवत असतील, किंवा कपडा हलवत असतील, तर काहीतरी बिघडलंय. मग आम्ही वायरलेसवर कळवतो, आणि उतरता येत असेल तर उतरतो."

"कपडा कुठल्या रंगाचा लागतो?"

मुलाने तिला विचारलं. "कुठलाही चालतो म्हणते. रंग नाही, हलणारी वस्तू आधी डोळ्यात भरते."

मी माइक तोंडाजवळ घेतला. हरलेल्या खटल्यातसुद्धा सरकारी वकील शेवटचं भाषण करतोच. "पावसाचे दिवस असतील तर? ढग असतील तर दिसणार नाही ना?"

मुलाने नाइलाजाने तेही विचारलं. पोरीने खांदे उडवले. "दिसत नसेल एवढं आभाळ खराब असेल तर आम्ही उडतच नाही," मुलगा म्हणाला.

बायकोचा एक प्रश्न राहिला होता. तिने तो अगदी सावकाश विचारला, मुलाला नीट सांगता यावा म्हणून. "त्यांनी मानसांवरनं येऊन एक वळसा घेतला, मग परत येऊन आनखी एक घेतला, तर काय समजायचं?"

पोरगी आता चष्म्यातून बायकोकडे बघत होती. तिचं उत्तर मुलाने मराठीत सांगितलं.

"पहिल्या वळशाला कदाचित शंका असेल म्हणते. दुसरा वळसा म्हणजे नक्की बघितलं. उगाच कुणी दोनदा फिरत नाही."

त्यानंतर त्या हेलिकॉप्टरात कुणी मराठीत बोललं नाही. पोरगी इंग्रजीत खडकांची वयं सांगत राहिली, काही कोटी वर्षं, आणखी काही कोटी वर्षं. शेजारचा पाहुणा ओ माय गॉड, ओ माय गॉड करत होता. बायको सरळ समोर बघत होती. तिला जिंकल्याचा आनंद झाला असेल असं मला वाटलं, आणि मी टोमण्याला तोंड द्यायची तयारी करून ठेवली. हा टोमणा पुढे निदान दहा वर्षं चालणार, आळीतल्या प्रत्येक माणसापर्यंत पोचणार, आणि तिचा तो हक्कच आहे, हेही मी कबूल करून टाकलं.

उतरलो. त्या पोरीने बायकोला हात धरून खाली घेतलं आणि मिठी मारली. बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा आणि सूनबाई थंड काहीतरी आणायला गेले. आम्ही दोघं पत्र्याच्या सावलीत बाकावर बसलो. ऊन रणरणत होतं. मी वाट बघत होतो.

मग मीच म्हणालो, "तुझं खरं होतं. त्यांनी बघितलं होतं."

"हं," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर सांग सगळ्या आळीला. मीच सांगतो हवं तर."

तिने मान हलवली, नको म्हणून. पदर नव्हता, पंजाबी ड्रेसची ओढणी होती, तिने डोळे टिपले. मी घाबरलो. मला तिचं भांडण चालतं, हे चालत नाही.

"तुमी मला कठड्यावरनं उतरवलंत ना," ती म्हणाली, "आनि मग जिन्याकडं गेलात, पानी किती चढलंय बघायला. तवा काकूंनी मला बोलवलं. त्यांना बोलवत पन नव्हतं धड. मला म्हनाल्या, तू रडू नको गो. आपन त्यांना दिसलोच नाय. दिसलो असतो तर मानसं अशी गेली नसती, मानसंच हायत ती पन. असं म्हनाल्या, मला थोपटलं आनि डोळे मिटून शांत पडल्या. दवाखान्यात पन मला तेच सांगत व्हत्या, शेवटपर्यंत."

हेलिकॉप्टर नवी माणसं घेऊन पुन्हा वर चढत होतं. ते पार लांब जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "काकूंना नाय कळलं."